सहावा भाग दाबाखाली

४ तारीख, सोमवार

छे छे, जीव कसला तुटतोय! कापायला दिलंस, कापते. आजवर एवढी पुस्तकं शिवली, एखादं उसवलं तर काय आभाळ कोसळणार आहे?

असं मी भाचीला म्हटलं. दुकानाच्या मधल्या दारात उभी राहून विचारत होती, मामी, तुला वाईट नाही ना वाटत म्हणून. वाईट वाटायला ते पुस्तक तरी असायला हवं. वीट आहे वीट. घराच्या पायात घातली तर भिंत उभी राहील. आणि हा म्हणे पहिला खंड. असे नऊ आहेत. नऊ! लिहिणाऱ्याचं मला नवल नाही, त्याला घरात कुणी 'जेवायला ये' म्हणणारं नसेल. नवल या वाचणाऱ्यांचं.

उघडलं की आधी नकाशा. मग वंशावळ, घडी घातलेली, उलगडली की टेबलाबाहेर लोंबते. मग नावांची यादी. मग ती नावं तोंडाने म्हणायची कशी, त्याचं एक आख्खं पान. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच माणूस धापा टाकतो. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी 'एक होता राजा' म्हणाले की राजा हजर. इथे राजा यायची वाट बघता बघता माझी पुठ्ठ्याला लावायची खळ सुकली, आणि आला तो राजा खोटा निघाला.

म्हणजे मी काही वाचलं नाही. पानांचे आकडे जुळवताना डोळ्यांखालून जातं तेवढंच.

कापायचं कारण असं की प्रत एक आणि शहाणे तीन. एक भाची. दुसऱ्या वरच्या मजल्यावरच्या बाई, शाळेतून रिटायर झाल्या तरी खडू हातातच असल्यासारख्या बोलतात. आणि तिसरा वायरमन. आमच्या ह्यांचा दोस्त, दुकानातलं वायरिंग त्यानेच केलेलं, म्हणून हे गेले तरी अजून वहिनी वहिनी करत येतो. बाई म्हणाल्या, "एकाने संपवून मग दुसऱ्याने घ्यायचं असेल, तर माझी पाळी येईस्तोवर मी वर पोचेन." वायरमन म्हणाला, "वहिनी, वायरचं बंडल तोडतो तसं तोडून द्या की."

वायरचं बंडल! मी म्हटलं, "भावजी, हे तोडायला सोपं आहे. तुम्ही वाचायला जोडीला डॉक्टर ठेवा."

तर ठरलं, सहा भाग करायचे. बरं, पुस्तक शिवलेलं आहे. नुसतं डिंकाने चिकटवलेलं असतं तर पानं वाऱ्यावर गेली असती.

९ तारीख, शनिवार

सहा भाग झाले. प्रत्येकाला वेगळी शिलाई, वेगळा पुठ्ठा. कापड उरलंसुरलं लावलं. तांबडं, निळं, हिरवं, पिवळं, काळं, करडं. कोण पैसे देणार आहे, म्हणून हाताला येईल तो तुकडा.

बाई आल्या आणि चष्मा नाकावर ओढून म्हणाल्या, "यावर आकडे कुठायत? एक, दोन, तीन?"

मी म्हटलं, "रंग लक्षात ठेवा. सहा रंग लक्षात राहत नसतील तर ती शेकडो माणसं कशी राहणार?"

भाची मान खाली घालून उभी होती. ही माझ्या नणंदेची मुलगी. लग्न ठरलेलं होतं. तो म्हणाला वाट बघ, नोकरीचं बघून येतो. हिने बघितली. तो तिकडे दुसरीशी लग्न करून मोकळा. मग नणंदेने हिला माझ्याकडे धाडलं, माझ्याकडे जागा आहे म्हणून. जागा आहे खरी, मागच्या खोलीतली खाट. तिच्यावर ही इतके महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. भिंत पण कंटाळली असेल.

ही वीट कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून स्वतः घेऊन आली. घराबाहेर पडली ती पहिल्यांदा. मी विचारलं, एवढं जाडं कशाला? तर म्हणाली, "मामी, जाडं आहे म्हणूनच." आता याला काय म्हणायचं!

१० तारीख, रविवार

आज बैठक. दर रविवारी दुपारी दुकानात जमायचं ठरवलंय. मी चहा केला, एवढ्यापुरताच माझा संबंध.

तिघांनी मिळून तांबड्या भागातली पहिली काही पानं आळीपाळीने मोठ्यांदा वाचली. नावं येताच वायरमन गाडी खड्ड्यात गेल्यासारखा थांबे. बाई दुरुस्त करत. मग बाई स्वतःच अडखळत आणि म्हणत, "हा छापण्याचा दोष आहे."

शेवटी मला राहवेना. म्हटलं, "अहो, तो पाय ओढत चालतो ना? त्याला लंगड्या म्हणा. तो म्हातारा सल्ला देत फिरतो, तो पांढरकेशा. तो गादीवर बसलाय तो खोटा राजा. ती नदीवरची, ती नावाडीण. झालं? घसा वाचला."

वायरमनच्या तोंडावर उजेड पडला. "वहिनी, आता कळली गोष्ट!"

बाई म्हणाल्या, "हा लेखकाचा अपमान आहे." आणि पाच मिनिटांत स्वतःच म्हणाल्या, "पण पांढरकेशा लंगड्याला खरं का सांगत नाही?"

जाता जाता भाची हळूच म्हणाली, "नावाडीण चांगली आहे." आख्ख्या दुपारात तिचं बोलणं एवढंच.

१४ तारीख, गुरुवार

बाईंनी जिन्यातल्या भिंतीवर पुठ्ठा लावलाय. माझाच पुठ्ठा. त्यावर रेघा मारून मारून कोण कुणाचा कोण ते काढलंय. नळ दुरुस्त करणारा माणूस आला होता, तो बराच वेळ उभा राहून बघत होता. मला म्हणाला, "इमारतीची पाइपलाइन आहे का हो?" मी हो म्हटलं.

दिवसभर एका पोराचा प्रबंध शिवला. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. तोही कुणी वाचणार नाही, पण त्याला निदान कुणी नऊ करायला सांगितलेले नाहीत.

१७ तारीख, रविवार

आज पोट दुखेस्तोवर हसले.

वायरमन आला तो खांदे पाडून. टोपी काढून हातात धरलेली. चहा पुढे केला तर नको म्हणाला. मला वाटलं त्याच्या घरी काही झालं. विचारलं तर म्हणाला, "म्हातारा गेला हो, वहिनी."

"कुठला म्हातारा?"

"आपला पांढरकेशा. पुरून पण झाला. लंगडा मातीला पण गेला नाही. काय म्हणायचं असल्या माणसाला!"

बाईंचा हात टेबलावर असा आपटला की खळीचं भांडं हललं. "मेला? अहो, माझ्या निळ्या भागात तो आत्ताच घोड्यावर बसलाय! तुमच्याकडे कुठला भाग आहे?"

वायरमनने पिशवीतून काळा काढला. तांबड्याच्या पाठोपाठ त्याने काळा नेला होता. मधले निळा, हिरवा, पिवळा सगळे सोडून सरळ पाचव्यावर. त्याला वाटलं, तांबड्या रंगाच्या वायरीनंतर काळी वायर येते, तसंच असेल.

"मला वाटलं मध्ये बरंच काही घडून गेलंय," तो म्हणाला. "पण हे पुस्तकच असं आहे, न सांगता पुढे जातं. मी म्हटलं मोठे लोक असंच लिहीत असतील."

"मग आठवडाभर तुम्हाला काय कळलं?" बाई किंचाळल्या.

"सगळं कळलं. नुसतं कोण का भांडतंय ते नाही कळलं."

बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणून म्हणत होते आकडे घाला! मुद्दाम केलंत तुम्ही!"

मी म्हटलं, "मुद्दाम कशाला? मला काय माहीत भावजी पुस्तक पण वायरिंगसारखं वाचतात."

आणि तेव्हा मागून आवाज आला. भाची हसत होती. हसणं म्हणजे काय, घागर गळ्यापर्यंत बुडवल्यावर येतो तसा आवाज. भिंतीला टेकून, डोळे पुसत. मग सगळेच हसले, बाई सोडून. बाई म्हणाल्या, "माझा पांढरकेशा फुकट मारलात," आणि आपला निळा भाग छातीशी धरून वर गेल्या.

मग वायरमनने पुठ्ठ्यांवर खडूने आकडे घातले. मी घालू दिले.

१९ तारीख, मंगळवार

दाबयंत्रावरचा दिवा वायरमनने परत दुरुस्त केला. तो दिवा इतक्यांदा कसा बिघडतो देव जाणे. याच्या कामात काही दम नाही. डबा इथेच बसून खाल्ला, आणि मला लंगड्याबद्दल माझं मत विचारलं. मी म्हटलं, मत द्यायला मी वाचत असते का? तर म्हणाला, "बरं, पण तो मातीला का गेला नाही?" मी म्हटलं, लाज वाटली असेल, जिवंतपणी कधी गोड बोलला नाही म्हणून. तो बराच वेळ भाकरीचा घास हातात धरून बसला.

२० तारीख, बुधवार

भाचीला नोकरीचं बोलावणं आलं. दूर आहे, एका दिवसात जाऊन यायची जागा नाही. दवाखान्यात हिशेबाचं काम, राहायला खोली देतात. कधी अर्ज केला, मला पत्ता नाही. म्हणे हिरवा भाग वाचताना केला.

म्हणाली, "मामी, लगेच नाही जात. हा खंड संपवते आणि जाते. अर्धवट सोडून जायला बरं नाही वाटत."

मी म्हटलं, जा की. मला काय. खाट मोकळी झाली तर कागद ठेवता येतील, इथे जागाच पुरत नाही.

करड्या भागाची शिलाई ढिली वाटली. दाबात ठेवला. बाकी विशेष काही नाही.

२१ तारीख, गुरुवार

गिऱ्हाईक नव्हतं. शिलाई बघायला करडा भाग दाबातून काढला आणि हाताशी होता म्हणून वाचला. आख्खा. लिहायला लाज वाटते, पण डाळ करपली.

काय पण शेवट! मेल्याने एवढी पानं खर्ची घातली आणि शेवटी काय, तर ती नावाडीण. तिचा होणारा नवरा खोट्या राजाचा शिपाई. ती त्याला रात्रभर वल्हवून किल्ल्याच्या दाराशी नेते. तो म्हणतो, इथेच थांब, मी आतून दार उघडतो. ती थांबते. दार काही उघडत नाही. वरून धरण फोडतात आणि पाणी चढायला लागतं. होडी वाहून जाते, ती तिथेच उभी. पाणी गळ्याशी येतं आणि खंड संपतो. संपला! पुढचं पुढच्या खंडात. अशाला लेखक म्हणतात? भाजीवाला पण अर्ध्यातून तराजू काढून घेत नाही.

आणि पोरीला तीच आवडते, नावाडीण. परवा पिवळा भाग वाचताना नावाडणीचं पान आलं की बोट ठेवून थांबायची. आता हे वाचलं तर काय होईल ते मला दिसतंय. परत खाट, परत भिंत.

म्हणून मी करडा भाग दाबाच्या खालच्या फळीत सरकवला आणि वर रजिस्टरं रचली. रडून रडून डोळे सुजवण्यापेक्षा नाही वाचला तर काय नडलं? माझं चुकत असेल तर चुकू दे.

२४ तारीख, रविवार

सगळ्यांचा काळा भाग संपला. पांढरकेशा आता सगळ्यांचाच मेला. बाईंनी रुमाल काढला. वायरमन म्हणाला, "मी तेव्हाच रडून घेतलं, आता मोकळा आहे," आणि बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहात तोंड घालून बसला.

मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. करडा कुठे?

मी म्हटलं, "शिलाई उसवली होती. परत शिवते आहे. खळ ओली आहे, हात लावला तर पानं चिकटतील."

"किती वेळ लागेल?" भाचीने विचारलं.

"हवा कशी आहे त्यावर."

बाहेर रखरखीत ऊन होतं. बाई म्हणाल्या, "मला वाटतं नावाडीण राणी होणार. रेघा तशाच जातायत." भाचीच्या चेहऱ्यावर इतकं बरं वाटलेलं दिसलं की मी उठून भांडी घासायला गेले. भांडी स्वच्छच होती.

२७ तारीख, बुधवार

आता तर प्रत्येक जण येता जाता विचारतो. खळ वाळली का? मी सुई तुटली सांगितलं. मग दोरा संपला सांगितलं. बाई स्वतः दोऱ्याचं रीळ घेऊन आल्या, शाळेतल्या शिवणाच्या तासाचं. मी म्हटलं हा दोरा पुस्तकाला चालत नाही. म्हणाल्या, तुमच्या बोटांना चालत नसेल.

आगाऊ आहेत.

वायरमनने दिवा पुन्हा दुरुस्त केला. या वेळी खाली वाकून दाबाच्या पाठीमागची वायर तपासत होता बराच वेळ. उठला तेव्हा गुडघे झटकले आणि माझ्याकडे बघून काहीच बोलला नाही. गप्प बसला की तो जरा बरा दिसतो.

भाचीने ट्रंक पुसून काढली. म्हटलं एवढी घाई? म्हणाली, घाई नाही गं, नुसती पुसतेय.

३१ तारीख, रविवार

आजचं लिहायला नको वाटतंय.

बैठकीला भाचीने सरळ विचारलं, "मामी, करडा भाग हरवला आहे का? खरं सांग." तिचा आवाज मोठा नव्हता. मला मोठा चालला असता.

मी तोंड उघडायच्या आत वायरमन म्हणाला, "माझ्याकडून हरवला. मी परवा नेला होता, कामावर वाचायला. शिडीवर ठेवला आणि शिडी गाडीवर टाकली. कुठे पडला कळलंच नाही. वहिनींना म्हटलं सांगू नका, मी शोधतो."

भाची त्याला इतकं बोलली! मला ठाऊक नव्हतं तिच्या पोटात एवढं आहे. "तुम्हाला एक वस्तू सांभाळता येत नाही? सगळे वाट बघतायत आणि तुम्ही गप्प? गप्प बसून माणसाला वाट बघायला लावणं हे सगळ्यात वाईट!" तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग पुढे होता. बाईंनी पण त्याला सुनावलं. तो टोपी फिरवत उभा. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

आणि मी? मी चहा गाळत होते. मी त्याला बोलू दिलं. दिवा दुरुस्त करताना त्याला करडा दिसला असणार. आणि हा माणूस म्हणे अडाणी, काळ्या भागाला दुसरा समजणारा. मूर्ख. शिव्या खायला कोणी सांगितलं होतं?

जाताना दारात मी त्याला म्हटलं, "भावजी, तुम्ही मध्ये का पडलात?"

म्हणाला, "वहिनी, तुम्ही कारणाशिवाय नाही लपवणार. कारण नका सांगू. पण माझ्या नावावर चालवा."

मी कारण सांगितलंच. म्हटलं, शेवट वाईट आहे, पोरीला सोसणार नाही. त्याने मान डोलवली. "असंच असेल," म्हणाला. त्याच्या 'असंच असेल'मध्ये काहीतरी होतं, पण मी काही त्याच्या मागे रस्त्यात जाणार नव्हते.

२ तारीख, मंगळवार

सकाळी भाचीने ट्रंकेत कपडे भरले. मी विचारलं, हे काय? खंड संपवून जाणार होतीस ना?

"कुठे संपतोय? तिकडच्या लायब्ररीत असेलच, तिथे वाचेन. गुरुवारची गाडी आहे."

म्हणजे सगळं फुकट. मी दाबाखाली लपवलं काय आणि चुलीत घातलं काय, ही चाललीच होती. वर ती त्या बिचाऱ्याशी अबोला धरून चालली होती, आणि परक्या गावात, परक्या खोलीत एकटी बसून ते पाणी गळ्याशी आलेलं वाचणार होती. तिथे खाट असेल. भिंत पण असेल.

मी रजिस्टरं उचलली, खालची फळी ओढली आणि करडा भाग तिच्या ट्रंकेवर ठेवला.

ती बघतच राहिली. "तूच?"

"मीच. त्याने नेलाच नव्हता. त्याच्या पाया पड जाऊन."

"पण का, मामी?"

"शेवट वाईट आहे. तुझी नावाडीण... वाच तू. मला वाटलं तू परत भिंतीकडे तोंड करशील."

तिने करडा भाग हातात घेतला. मग म्हणाली, "मी काय वाचायचं ते तू कोण ठरवणार?" तेवढंच. आणि भाग घेऊन मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. मी दुकानात बसले, हातात सुई घेऊन, दोरा न ओवता.

दुपारी दार उघडलं. डोळे लाल होते. मी उठले.

म्हणाली, "मामी, तू नीट वाचलंच नाहीस."

"म्हणजे?"

"मेली असं कुठे लिहिलंय? पाणी गळ्याशी आलं, एवढंच. वल्हं हातात आहे तिच्या. शेवटची ओळ वाच, वल्हं घट्ट धरलं. बुडणाऱ्या माणसाने वल्हं धरलं असं कशाला लिहील तो? पुढच्या खंडात येते बघ ती."

"येते म्हणे! नऊ खंड विकायचेत त्याला, म्हणून धरून ठेवलंय वल्हं."

"तो शिपाई हलकट आहे," ती म्हणाली. "दार उघडणार नव्हताच. हे मला पिवळ्या भागातच कळलं होतं."

"मग तिला का नाही कळलं?"

"तिलाही कळलं होतं गं. तरी थांबली. आता नाही थांबायची."

मग ती वायरमनच्या घरी गेली. आली तेव्हा हातात दिव्याचा नवा होल्डर होता. म्हणाली, "त्यांनी पाठवलाय. म्हणाले हा एकदा लावला की दिवा परत बिघडणार नाही, पण वहिनींना विचारून लावेन."

काय विचारायचं आहे त्यात? लाव म्हणावं.

४ तारीख, गुरुवार

गेली.

स्टेशनवर बाई आल्या होत्या, जिन्यातला पुठ्ठा गुंडाळून. तिकडच्या खोलीत लाव म्हणाल्या. भाचीने तो घेतला, बाईंच्या पाया पडली, वायरमनच्या पाया पडली. तो लाजून मागे सरकला आणि हमालाच्या गाडीवर आपटला. माझ्या पाया नाही पडली. मिठी मारली आणि कानात म्हणाली, "दुसरा खंड मी घेते. तुला पाठवते. तू काप. माझे भाग मला पोस्टाने. आणि आकडे घाल, मामी."

मी म्हटलं, बघू. मला वेळ असेल तर.

घरी आले. खाटेवर कागद ठेवायचे होते, ते काही ठेवले नाहीत. वायरमनने होल्डर बसवला. चहा दिला. तो म्हणाला, "वहिनी, ती येईल हो परत."

मी म्हटलं, "कोण, नावाडीण?"

"ती पण."

मी त्याला म्हटलं घरी जा. तो गेला. दिवा चांगला लागतोय, मेला.

आता हे लिहूनच टाकते, नाहीतर झोप नाही यायची. पोरगी रडेल म्हणून करडा भाग लपवला, असं मी तिला सांगितलं, वायरमनला सांगितलं, इथेही तसंच लिहिलं. खोटं आहे. मागे बघा, वीस तारखेला लिहिलंय, शिलाई ढिली वाटली म्हणून दाबात ठेवला. शिलाई माझीच होती आणि घट्ट होती. नोकरीचं बोलावणं आलं, आणि हा खंड संपवून जाते असं ती म्हणाली, त्याच दुपारी मी तो लपवला. तेव्हा त्यातली एक ओळ पण मी वाचलेली नव्हती. शेवट चांगला असता तरी लपवलाच असता. ती जाऊ नये म्हणून.